बेटावरची राखण

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतील समस्त आबालवृद्धांस, तसेच भीमा नदीच्या दोन्ही तीरांवरील ग्रामस्थांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक आणि शक्य असल्यास उभे राहून ऐकण्याच्या विनंतीसह कळविण्यात येते की, दिवाळी सरल्यानंतरच्या एका दुपारी, नदीपात्राच्या मधोमध असलेल्या एका बेटावर, बाभळीला टेकून, एक माणूस झोपला.

हसू नका. मी उभा जन्म लग्नपत्रिका छापण्यात घालवला आहे. शुभवर्तमान कशाला म्हणायचं हे मला कळतं. लग्नं काय, होतातच. आमच्याकडे तर एकाच मुहूर्तावर एका कार्यालयाच्या दोन मजल्यांवर होतात. पण त्या दुपारच्या झोपेच्या तोडीची बातमी माझ्या छापखान्यातून आजवर बाहेर पडलेली नाही, आणि तिची पत्रिका छापायची राहून गेली म्हणून हे लिहायला बसलो.

झोपला तो माझा शाळेपासूनचा मित्र. कारेगावात राहतो आणि तिथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत प्रेस चालवतो. म्हणजे वरून मोठा थोरला ठोकळा खाली येतो, पत्रा दाबतो, वर जातो. पत्रा काढायचा, दुसरा ठेवायचा. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. वर्षानुवर्षं असं चालल्यावर झोपेलाच कळेनासं झालं की या माणसाकडे यायचं कधी. आधी ती उशिरा यायला लागली, मग चुकूनमाकून, आणि त्या वर्षी पावसाळ्यापासून यायचीच बंद झाली. गोळ्या झाल्या. जायफळ घातलेलं दूध झालं. तळपायाला काशाच्या वाटीनं तूप चोळून झालं. एका भाच्यानं मोबाइलवर समुद्राचा आवाज लावून दिला, तर हा रात्रभर पाण्याचा नळ कुठं उघडा राहिलाय ते शोधत फिरला.

दिवाळीच्या फराळाला त्याच्याकडे गेलो तेव्हा वहिनींनी मला ओट्याशी बोलावून घेतलं आणि चकलीचा डबा हातात देत हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ते मशीन खाली येतं तवा ह्यांचा हात तिथंच असतो. सेन्सर हाय म्हणतात. सेन्सर जागा असंल हो, मानूस नको का जागा? सोमवारपासून परत रात्रपाळी हाय. त्याच्या आत ह्यांना कुठं तरी नेऊन झोपवून आणा."

माणसाला झोपवून आणा! पत्रिकेत आडनाव चुकलं तर बदलून देता येतं. ही ऑर्डर मी घ्यायची कशी? पण वहिनींचा आवाज असा होता की मी डबाही घेतला आणि ऑर्डरही.

आता या मित्राचा एक अभिमान सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इतकी वर्षं रात्रपाळी करून त्याला झोपलेलं कुणी, कधीही पाहिलेलं नाही. हे तो छाती काढून सांगतो. यामागचं गुपित त्याच्या तोंडूनच ऐकलेलं: तिथले रात्रीचे साहेब मोठे सभ्य. फेरी मारताना मशीनच्या पलीकडूनच खाकरतात. कामगारानं दचकून उठावं, तोंडावरून हात फिरवावा आणि उगाच एखादा नट आवळायला घ्यावा, एवढी सवड ते खाकरणं देतं. मग साहेब वळणावर येतात, सगळे जागे असतात, कुणाचा पाणउतारा होत नाही. आमच्या गावांत वडीलधारा माणूस कुणाच्याही अंगणात खाकरल्याशिवाय पाऊल टाकत नाही, त्यातलाच हा प्रकार. ही रीत कंपनीच्या कुठल्या नियमात नाही, पण मला विचाराल तर सगळी वसाहत तिच्यावर उभी आहे.

तर, झोपवायला न्यायचं कुठं?

इथं माझी मुलगी कामाला आली. ती नोकरीला लागल्यापासून पाठीवर स्वतःएवढी सॅक लावून देशोदेशी हिंडते. नुकतीच ती दूरच्या कुठल्या मुलखातल्या नदीतल्या बेटावर जाऊन आली होती. तिथं काय केलंस, विचारलं, तर म्हणाली, "काही नाही." मला वाटलं सांगायचं नाहीये. तर खरंच काही नाही! दोन झाडांना जाळीची झोळी बांधायची, तिच्यात पडायचं आणि नदीकडे बघायचं. जगभरातून लोक तिथं काहीही न करण्यासाठी येतात म्हणे. मी थक्क झालो. नदी आपल्याकडे आहे, बेट आपल्याकडे आहे आणि काही न करण्याची परंपरा तर आपल्याकडे इतकी जुनी. मग विमान कशाला? मी तिची सॅक आणि झोळी मागून घेतली आणि मोहीम जाहीर केली. मांडवगण फराट्यापासून निघायचं, नदीच्या कडेनं पायी, वाटेत बेटावर दुपारभर लोळायचं, आणि पलीकडे दौंडच्या हद्दीत उतरून वरवंडला जेवायला.

वरवंडला जेवायला, कारण चमूतला तिसरा गडी वरवंडचा. घरचा मोठा बागाईतदार, नदीकाठी ऊस, सोसायटीचा माजी संचालक आणि, त्याच्या मते, भावी चेअरमन. त्याला बॅकपॅक म्हणजे काय हे नीट समजावूनही तो चाकाची सुटकेस घेऊन आला. ढेकळांतून ती चाकं दहा पावलंही चालली नाहीत. मग त्यानं ती डोक्यावर घेतली आणि लग्नाला निघालेल्या वरबापासारखा पुढे चालू लागला.

चौथा मित्र कांद्याच्या बाजारात लिलाव पुकारतो. त्याच्या आवाजाबद्दल एवढंच सांगतो की त्याच्या घराची बेल बिघडून कित्येक वर्षं झाली, कुणी दुरुस्त केलेली नाही; तो घरात आहे की नाही हे कोपऱ्यावरच कळतं. मोहिमेची एकमेव अट त्याच्यासाठी होती. बेटावर आवाज चढवायचा नाही.

"मी कवा चढवतो?" त्यानं विचारलं, आणि समोरच्या उसातून बगळे उडाले.

बेट दिसलं तेव्हा ऊन कोवळं होतं. इकडचा काठ शिरूरचा, तिकडचा दौंडचा, आणि मधे हे आपलं कुणाचंच नसल्यासारखं निवांत पसरलेलं. शिरूरच्या बाजूनं पाणी गुडघ्याच्या खालीच होतं. पँटी दुमडून, सुटकेस डोक्यावर घेऊन आम्ही पार झालो. आणि खरं सांगतो, पलीकडे पाय टेकवताच मला माझ्या मुलीचा, तिच्या झोळीचा आणि जगातल्या समस्त बिनकामाच्या माणसांचा नितांत आदर वाटला. काय ती जागा! कडेला कमरेएवढं लव्हाळं, आत करंज आणि बाभळी, खाली गाळाची मऊ जमीन, आणि बोलायला कुणी नसल्यासारखी चाललेली नदी. दोन्ही काठांवर माणसांची धावपळ: इकडे पंपाची धडधड, तिकडे उसाच्या ट्रॅक्टरवर ठणाणा गाणी. पण बेटावर येईपर्यंत त्या आवाजांचे काटे गळून पडत. वेडे राघू तारेवर बसावेत तसे बाभळीच्या फांदीवर ओळीनं बसलेले. आणि एका झाडाच्या बेचक्यात, पुरानं आणून टाकलेली लाल प्लास्टिकची खुर्ची.

"ही माझी," बागाईतदार म्हणाला.

"घे बाबा," लिलाववाला म्हणाला, "मतदारांनी न्हाई दिली, नदीनं दिली."

बेटावर आमच्या आधीच वस्ती होती. मोजकी मेंढरं, एक कुत्रं आणि खांद्यावर घोंगडी टाकलेले एक आबा. वय झालेलं, पण चालणं असं की जमिनीला कळूही नये. त्यांनी आमच्या पाठीवरची ओझी एकेक करून न्याहाळली.

"कुठलं पाव्हणं?"

"शिरूरचं, कारेगावचं, वरवंडचं," मी म्हणालो.

"आन् एवढं बिऱ्हाड पाठीवर कशापायी? घरी भांडान झालं का?"

"न्हाई आबा. काही न करता पडून राहायला आलोय."

"मग घरी न्हाई व्हय पडता येत?"

"घरी कोन पडू देतंय आबा!" बागाईतदार म्हणाला, आणि आबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

आम्ही दोन करंजांना झोळी बांधली आणि आमच्या रुग्णाला तिच्यात चढवलं. झोळी हलायची तशी तो हलायचा. डोळे मात्र टक्क उघडे. आम्ही तिघं आजूबाजूला आडवे झालो आणि त्याला हुरूप यावा म्हणून झोपेचं सोंग घेतलं. मी माझं सोंग फार छान वठवलं, मधे एक हलका उसासाही घातला. बागाईतदाराचं सोंग इतकं उत्तम वठलं की तो खराच झोपला आणि घोरू लागला. लिलाववाला दर थोड्या वेळानं एक डोळा उघडून कुजबुजायचा, "लागला का रे?" त्याची कुजबुज ऐकून मेंढरं मान वर करायची.

शेवटी झोळीतून आवाज आला. "तुम्ही तिघं माझ्याकडं असं बघताय, जसं काय मी अंडं घालनार हाय."

तो खाली उतरला. चेहरा उतरलेला. चेष्टा करत होता, पण मान दुसरीकडे वळवून एवढं बोलला, "सोमवारी मशीनवर उभा राहनार म्हटलं की आधी बोटं मोजून घेतो गड्या. हिला सांगू नको." मी चकली पुढे केली.

तेवढ्यात एक कोकरू उड्या मारत आमच्यात आलं. त्यानं ते सहज उचललं, चारही पाय एका हातात गोळा करून, काखेत धरून. बघणाऱ्यानं बघत राहावं असं. आबांनी ते लांबून पाहिलं आणि जवळ आले.

"मेंढक्याच्या घरचा दिसतुयास."

"आजा राखायचा, आबा. वडलांनी शेती धरली. मी कंपनी."

"मी बी शेतीच करतोय आता. ही आपली ठेवलीत. मन लागतं." आबांनी कोकराच्या कानामागे खाजवलं. "पोरं म्हनत्यात, आबा, इका ती मेंढरं आन् निवांत बसा. आता मी निवांत बसन्यासाठीच तर ती ठेवलीत! मेंढरं नसली तर निवांत बसाया गावात कोन दील? धा जन इचारतील, आबा, बरं न्हाई का."

माझ्या मुलीला विमानानं जाऊन जे कळलं ते आबांना घोंगडीवर बसून कळलं होतं. मी त्यांना मनोमन दंडवत घातला.

पुढचा अंक बागाईतदारानं सुरू केला. तो झोपेतून उठून तोंड धुवायला पाण्याकडे गेला आणि नाचत परत आला. एका हातात एकच बूट, तोही ओला. "पडले! ढापे पडले!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बेटाच्या खालच्या अंगाला बंधारा आहे. पावसाळ्यात त्याची दारं मोकळी असतात. पाऊस सरला की त्यांच्यात लोखंडी ढापे बसवायचे, मग पाणी अडतं आणि मागे फुगत जातं. दर वर्षी या कामाला उशीर होतो आणि पाणी वाहून गेलं म्हणून काठावरचे शेतकरी हळहळतात. यंदा आमचे भावी चेअरमन त्यासाठी पाटबंधारेवाल्यांच्या हात धुऊन मागे लागले होते.

"मी सांगितलं त्यांना," तो ओला बूट हवेत नाचवत म्हणाला, "ढापे पडल्याबिगर मी इथून हलत न्हाई! बघा, पाणी कसं चढतंय! यंदा नदी तुडुंब!"

"चढतंय का?" झोप न येणारा मित्र शांतपणे म्हणाला.

"चढनारच! कमरेच्या वर जाईल!"

"आन् सध्या आपन कुठं बसलोय?"

बागाईतदाराचा हात हवेतच राहिला. त्यानं काठाकडे पाहिलं. सकाळी आम्ही ज्या वाटेनं आलो तिथं आता पाणी चकाकत होतं आणि त्यावरून त्याचा दुसरा बूट, छोट्या होडीसारखा, बंधाऱ्याच्या दिशेनं निघाला होता. मी आजवर अनेक चेहरे पाहिले. पण आपलं मोठं काम झाल्याचा आनंद आणि त्यात आपणच बुडण्याची भीती, दोन्ही एकाच चेहऱ्यावर, तेही मिशीसकट, मी पुन्हा पाहिलेलं नाही.

"लेका, निदान वार तरी इचारायचा व्हतास त्यांना!" लिलाववाला म्हणाला. त्याला आणि बागाईतदाराला दोघांनाही पोहता येत नाही.

आबा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. "बेट काय बुडत न्हाई," ते म्हणाले. "तुमी बी न्हाई बुडत. पर चालत जाता यायचं न्हाई, आन् कोकरं हायती. माझ्या भावकीतल्याची काहील हाय पलीकडं, ती आनतो." काहील म्हणजे गूळ शिजवायची भली मोठी कढई. आमच्याकडे गुऱ्हाळं कमी झाली तशा काही कढया नदीवर नोकरीला लागल्या. माणसं त्यांच्यात बसून पार होतात.

जायच्या आधी आबांनी आपली काठी उचलली. मला वाटलं, ती संचालकांना देतील. पण त्यांनी ती आमच्या कंपनीवाल्याच्या हातात दिली. "तू मेंढक्याच्या घरचा. तू राखन कर. पान्याकडं जाऊ देऊ नको त्यांना. आन् एक ध्यानात ठेव. डोळा लावायचा न्हाई."

"न्हाई लावनार," तो म्हणाला. त्याची पाठ ताठ झाली. अगदी पाळीवर उभा राहिल्यासारखी.

आबा घोंगडी बाभळीच्या फांदीवर टाकून पाण्यात शिरले, खोलात गेल्यावर सावकाश पोहू लागले आणि कुत्रं त्यांच्या मागे नाक वर काढून निघालं. आमचा राखणदार मेंढरांमधे गेला. त्यानं एक फेरी मारली, जिभेनं कसलासा टकटक आवाज काढला, जो मी त्याच्या तोंडून इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. मेंढरं बाभळीच्या सावलीला गोळा झाली आणि दुपारची बसू लागली, एक, मग तिला चिकटून दुसरी, मग सगळीच. तोही त्यांच्यात बसला. बाभळीला पाठ, काठी दोन्ही हातांत उभी, डोळे पाण्याकडे. कोकरू त्याच्या मांडीला टेकलं.

मी सॅकमधून पाण्याची बाटली काढायला वाकलो. वर पाहिलं, तर तो झोपला होता.

मी आधी मानायलाच तयार नव्हतो. पाय न वाजवता जवळ गेलो. काठी ताठ उभी, पण तिला धरलेली बोटं सैल. मान एका बाजूला. तोंड जरासं उघडं. सकाळपासून, नव्हे, पावसाळ्यापासून आम्ही सगळे त्याला झोप झोप म्हणत होतो आणि तो जागा होता. एका माणसानं त्याला जागा राहा म्हणून सांगितलं, आणि हा गडी झोपला! रात्रपाळीच्या सवयीनं ऐन वेळी हात दिला होता. राखण अंगावर पडली की तिच्यात डुलकी मारायची, हे त्याच्या हाडांना पाठ होतं.

आणि ती झोप! मी मुलांच्या झोपा पाहिल्यात, प्रवचनातल्या पाहिल्यात, सरकारी कार्यालयातल्या पाहिल्यात. पण ही काही और होती. तिच्यात थकवा नव्हता, नुसता विश्वास होता. श्वास असा चालला होता, जशी कुणी खोल विहिरीतून भरलेली घागर न हिंदकळता वर ओढावी आणि पुन्हा सोडावी. कपाळावरच्या आठ्या, ज्या मी त्याच्या चेहऱ्याचाच भाग समजत होतो, त्या एकेक करून पुसल्या गेल्या, आणि खालून आमच्या वर्गातला, मागच्या बाकावरचा मुलगा वर आला. आम्ही तिघं ओळीनं उभे राहून बघत होतो. देवळात उभं राहतात तसे. बागाईतदारानं तर टोपी काढली.

"फोटो काढू का?" लिलाववाल्यानं विचारलं. आम्ही दोघांनी त्याच्या तोंडावर हात ठेवले.

मग आम्हाला आठवण झाली की राखणदार झोपला म्हणजे राखण आमच्यावर आली. आणि मेंढरांनाही नेमकी तेव्हाच आठवण झाली. एक दांडगा मेंढा उठला आणि काठाच्या हिरव्या लव्हाळ्याकडे निघाला. त्याच्या मागे बाकीची. हाक मारायची सोय नाही. त्यापुढचा सगळा वेळ आम्ही तीन प्रौढ, संसारी, समाजात मान असलेल्या गृहस्थांनी जे केलं त्याला मूकनाट्याशिवाय दुसरं नाव नाही. बागाईतदार लाल खुर्ची घेऊन काठावर जाऊन बसला आणि दोन्ही हात पसरून बांधासारखा राहिला. लिलाववाल्यानं बाजारातल्या सगळ्या खुणा बाहेर काढल्या: बोटं नाचवली, मुठी आपटल्या, भुवया उडवल्या, फक्त आवाज नाही. मेंढा त्याच्यासमोर थबकला. बहुधा कुणीतरी आपला भाव करतंय असं त्याला वाटलं असावं. मी झोळी सोडली आणि दोन बाभळींमधे जाळ्यासारखी आडवी बांधली. मेंढ्यानं ती चावून पाहिली, विदेशी माल त्याला पसंत पडला, आणि तो तिचा एक कोपरा खात जागेवरच उभा राहिला. पोरी, तुझी झोळी अशी गेली. चांगल्या कामी गेली.

इथं थांबून मधेच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे विसरायला नको. त्या सोमवारी तो मशीनवर उभा राहिला. त्याचे दोन्ही हात, सगळ्या बोटांसकट, आजही जागच्या जागी आहेत; परवाच त्यानं मला टाळी दिली. वहिनींनी त्याच्यासाठी आबांचाच उपाय धरून ठेवला आहे. त्या अंथरूण घालतात आणि सांगतात, "अहो, दूध तापायला ठिवलंय, जरा ध्यान ठेवा, डोळा लावू नका." दूध बऱ्याचदा उतू जातं. त्या गॅस पुसतात आणि चुकूनही कुरकुर करत नाहीत.

तर बेटावर ऊन कलायला लागलं होतं. पाणी लव्हाळ्यात शिरलं होतं आणि बागाईतदाराच्या खुर्चीचे पाय ओले झाले होते. दौंडच्या बाजूनं एक काळी गोल काहील डुलत येताना दिसली. आत आबा, एक वल्हवणारा माणूस आणि काठावर पुढचे पाय टेकून उभं कुत्रं. आबांनी लांबूनच मेंढरं सावलीला असल्याचं पाहिलं आणि खुशीत हाक दिली, "ओ कारेगावकर!"

आम्ही हातानं खुणा केल्या. त्यांना वाटलं, आम्ही आनंदानं हात हलवतोय. "ओ कारेगावकर! हायसा न्हवं जागं?"

लिलाववाल्यानं सकाळपासून आवाज पोटात दाबून धरला होता. तो आता कुठून तरी बाहेर पडणारच होता. त्यानं तोंडापुढे दोन्ही हात धरले आणि सगळ्या बाजार आवाराला पुरेल अशी आरोळी ठोकली, "वरडू नकाऽऽ! मानूस झोपलायऽऽ!"

वेडे राघू उडाले. पलीकडच्या काठावर ट्रॅक्टरचं गाणं बंद झालं. वल्हवणाऱ्याच्या हातातलं वल्हं निसटता निसटता राहिलं. कोकरू उठून उभं राहिलं.

तो उठला नाही. त्यानं नुसती मान या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकली आणि घागर पुन्हा विहिरीत सोडली. लिलाववाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या आवाजाचा असा पराभव त्यानं जन्मात पाहिला नव्हता, आणि त्याला त्याचा केवढा आनंद झाला होता.

मग सगळं हळूहळू, कुजबुजत झालं. कोकरं गेली. सॅका गेल्या, सुटकेस गेली, लाल खुर्ची गेली. ती बागाईतदारानं सोडली नाही. मोठी मेंढरं आबांच्या खुणेनं पोहत गेली. काहील शेवटच्या फेरीला परत आली तेव्हा बेटावर आम्ही चौघं आणि आबा उरलो होतो, आणि पाणी लव्हाळं ओलांडून बाभळीच्या अलीकडे येऊन थांबलं होतं.

"उठवा की," वल्हवणारा म्हणाला.

कुणी पुढे होईना. "तू उठव," मी बागाईतदाराला म्हणालो. "मी न्हाई बाबा, ढापे मी पाडले, आता ह्ये बी पाप मीच करू?" लिलाववाल्याकडे बघण्यात अर्थ नव्हता, तो आमच्याकडे पाठ करून उभा होता. मला ओट्याजवळच्या वहिनी दिसत होत्या. इतक्या महिन्यांनी आलेल्या पाहुण्याला मी कुठल्या तोंडानं ऊठ म्हणू? "अजून थोडं पानी चढू दे," मी म्हणालो. बागाईतदारानं मान डोलावली आणि पाण्याकडे असं बघितलं, जसं काय पुढचा हुकूम तोच देणार आहे.

आबा हे सगळं ऐकत होते. त्यांनी ज्याला जागं राहा म्हणून काठी दिली होती तो झोपला होता, हे त्यांना दिसत होतंच. मला वाटलं, आता ते बोलणार. त्यांनी फांदीवरची घोंगडी काढली, पुढे गेले आणि ती त्याच्या पायांवर पांघरली. मग पाच-सहा पावलं मागे आले, बाभळीच्या खोडाआड होऊन पाठ फिरवली. परक्याच्या अंगणात शिरताना खाकरावं तसे, हलकेच, एकदाच खाकरले.

तो ताडकन उभा राहिला. घोंगडी एका पायात, काठी हातात, गालावर बाभळीच्या सालीचे वळ. त्यानं तोंडावरून हात फिरवला, एकही मेंढरू नसलेल्या बेटाकडे कडक नजरेनं पाहिलं आणि म्हणाला, "जागाच हाय मी!"